परत म्हटलं का?

वर्गात मी झोपलो होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आता ज्या मुलींना शिकवतो त्यांनाही नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, यात सांगण्यासारखं काय आहे? वर्गात कोण झोपत नाही? पण माझी ती अर्ध्या तासाची झोप साळवे सिस्टरांना भोवली.

मी आता एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. गेल्या महिन्यात सरावाच्या तासाला पेशंट म्हणून खाटेवर निजवलेली एक मुलगी खरोखरच झोपून गेली. बाकीच्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या. "सर, पेशंट स्टेबल आहे," एकीनं रिपोर्ट दिला. मला हसू आलं नाही. मी तिला हलवून उठवलं, वर्गाबाहेर गेलो आणि नळावर तोंड धुतलं. तेव्हापासून सिस्टर डोळ्यांपुढून हलत नाहीत.

साळवे सिस्टर पिंपरी पेंढारच्या. ठेंगण्या, सावळ्या, चालताना किंचित पुढं झुकलेल्या, जणू पुढच्या खाटेवर कुणी हाक मारतंय. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, हे दोन्ही मी त्यांच्या अंगावर कधी नाही असं पाहिलं नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या सीमेवर, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि त्याला जोडून आमचं नर्सिंग स्कूल. गोष्ट नव्वदच्या दशकातली. सतरा मुली आणि मी एकटा. सगळे खेड्यातले, मराठी शाळेत शिकलेले. पुस्तकं इंग्रजी, केसपेपर इंग्रजी, आणि पुण्याहून आठवड्यातून तीनदा येणारे मोठे डॉक्टर तर मराठीत फक्त ड्रायव्हरशी बोलायचे.

इंग्रजी शिकवायला स्कूलला माणूस मिळत नव्हता, म्हणून ते काम सिस्टरांच्या गळ्यात पडलं. त्या स्वतः अकरावी करून नर्सिंगला गेलेल्या. इंग्रजी शिकल्या कशावर, तर औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेले जे बारीक अक्षरांचे कागद असतात, त्यांवर. ते कागद त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत. एखादा शब्द अडला की डबा उघडायचा, कागद नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "थांब, हा मला खोकल्याच्या औषधात भेटलाय."

त्यांचा वर्ग भरायचा जुन्या ॲम्ब्युलन्सच्या गॅरेजमध्ये. तिथं एक पाय वाकलेली लोखंडी खाट होती, सलाइनला बांबू होता, आणि टेबलावर भंगारातून आणलेला काळा फोन. त्याची वायर खिडकीच्या गजाला बांधलेली. मधे चादरीचा पडदा. सिस्टर पडद्यामागं जायच्या, तोंडानं "ट्रिंग ट्रिंग" करायच्या, आणि इकडच्या मुलीनं फोन उचलायचा. पडदा कशाला, म्हणून कुणीतरी विचारलं.

"फोनवर काय डॉक्टरचं तोंड दिसतं व्हय गं? मग इथं कशाला दिसाया हवं?"

आणि मग त्या अंबाड्यातली पेन्सिल काढून दातांत आडवी धरत आणि डॉक्टर होत. पेन्सिल धरली की इंग्रजी असं घरंगळत यायचं की खऱ्या डॉक्टरांचं बरं. कधी त्या बहिरा म्हातारा व्हायच्या, कधी भांडखोर नातेवाईक. एकदा शकुंतला नावाच्या मंचरच्या मुलीनं फोन घेतला. पडद्यामागून विचारणा झाली, ड्यूटीवरच्या सिस्टर कुठं आहेत? त्या सिस्टर ड्यूटी संपवून घरी गेल्यात, असं ठरलेलं होतं. शकू ठसक्यात म्हणाली, "सिस्टर इज ऑफ, सर."

पडद्यामागून एकदम हंबरडा. "अगं माझी बाई! सकाळी तर धडधाकट व्हती गं! कशानं ऑफ झाली?"

आमच्या दवाखान्यात पेशंट गेला की "ऑफ झाला" म्हणायचे. वर्ग हसून लोळला. शकू रडकुंडीला आली. सिस्टर पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या, तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "ऑफ ड्यूटी म्हण, बये. जित्या माणसाला मारू नको."

पहिला पूर्ण आठवडा त्यांनी आम्हाला एकच वाक्य शिकवलं. "सॉरी सर, प्लीज से अगेन." पुढंही रोज सकाळी आल्यावर म्हणायचं, जाताना म्हणायचं. एकेकाला उभं करून. त्यांचं म्हणणं, इंग्रजीतले बाकीचे शब्द कधी ना कधी येतील, पण हे वाक्य तोंडातून निघायला लाज वाटते, म्हणून ते आधी. आणि डॉक्टर जे सांगतील ते त्यांना परत म्हणून दाखवायचं, अर्थासकट. वॉर्डातल्या फोनच्या वहीत त्यांनी स्वतः पट्टीनं रेघा मारून एक जादा रकाना पाडला होता. वर लिहिलं होतं, "परत म्हटलं का?"

मला ते वाक्यही जमायचं नाही. मी घाटघरचा. आमच्याकडं आवाज द्यायचा तो या डोंगरावरून त्या डोंगरावर. पण वर्गात उभं केलं की घसा बसायचा. पहिल्या दिवशी सिस्टरांनी इंग्रजीत नाव विचारलं, तर मी "प्रेझेंट" म्हणालो. मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला खाटेवर झोपायला सांगितलं.

"मारुतीराव, आजपासून तुम्ही पेशंट. पेशंटला इंग्रजी यायला लागत न्हाई. तुम्ही आपलं मराठीत कण्हा. ह्या पोरी बघतील काय ते."

तेव्हापासून मी कायमचा पेशंट झालो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कण्हायला मला छान यायचं. मी आमच्या आजोबांसारखा आवाज काढून म्हणायचो, "बाई, कसंतरी व्हतंय." या दोन शब्दांवर सिस्टरांनी अख्खा तास घेतला. कुणी म्हणालं, नॉट फीलिंग वेल. कुणी म्हणालं, अनईझी. सिस्टर मान हलवत राहिल्या.

"आधी त्याला विचारा की! कसंतरी म्हंजे कसं? घाम येतोय? भूक लागलीय? डोळ्यापुढं अंधारी येतीय? हातपाय थरथरतायत? त्याचं मराठी तुम्हाला कळलं न्हाई आन् निघाल्या इंग्रजी करायला!"

त्या काळात मी पहाटे नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या भरायला जात असे. क्रेट उचलून खांदे भरून यायचे. आठ वाजता वर्गात येऊन गादीवर पाठ टेकली की पापण्या आपोआप मिटायच्या. एका सकाळी सिस्टर पडद्यामागं गेल्या, ट्रिंग ट्रिंग झालं, ते मला आठवतं. नंतरचं एकदम चादर ओढून शकू म्हणत होती, "उठा पाटील, डिस्चार्ज झाला तुमचा." त्या दिवशी वर्गात काय झालं, ते मी विचारलं नाही. पेशंटला काय करायचंय?

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, माझी पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटी होती. चार नंबरच्या खाटेवर धोंडीबाबा होते. पायाला जखम, साखरेचा आजार, रोज जेवणाआधी इन्सुलिन. त्या दिवशी सकाळपासून त्यांना उलट्या होत होत्या, पोटात अन्नाचा कण नव्हता. स्टाफ सिस्टर बाळंतपणाच्या खोलीत अडकल्या होत्या. साडेअकराच्या सुमाराला फोन वाजला. पुण्याहून मोठे डॉक्टर. लाइनीत खरखर. त्यांनी चार नंबरचं विचारलं. मी कसंबसं सांगितलं, नो ईटिंग, व्हॉमिट. ते म्हणाले, "होल्ड द इन्सुलिन. आय विल कम इन द इव्हनिंग."

मला तर आनंद झाला. सगळं कळलं होतं! होल्ड म्हणजे धरणं, हे मला शाळेपासून ठाऊक. धरून ठेवायचं म्हणजे सोडायचं नाही, चालू ठेवायचं. जे वाक्य दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ घोकलं, ते जिभेवर आलं सुद्धा. पण मनात म्हटलं, कळलंय तर उगीच कशाला विचारायचं, डॉक्टर म्हणतील गावठी आहे. मी "येस सर" म्हणालो. फोन ठेवला. वहीत लिहिलं, "बेड ४, इन्सुलिन होल्ड." शेवटच्या रकान्यात, परत म्हटलं का, तिथं लिहिलं, "हो."

स्टाफ सिस्टरांना दारातून विचारलं. आतून आवाज आला, "साहेबांनी सांगितलंय तसं कर." मी इंजेक्शन दिलं.

तासाभरानं धोंडीबाबा पुटपुटले, "पोरा, कसंतरी व्हतंय." मी म्हटलं, पडून राहा बाबा, साहेब येणारेत. सुटीच्या दिवशीही साळवे सिस्टर दुपारी एक फेरी मारायच्या. त्या आल्या, बाबांजवळ वाकल्या आणि एका दमात विचारलं, "बाबा, घाम येतोय का? हात थरथरतायत का? अंधारी येतीय का?" बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते सिस्टरांना आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. सिस्टरांनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "ग्लुकोज. पळ." शिरेतून ग्लुकोज गेलं, उतरलेली साखर वर आली, आणि थोड्या वेळानं बाबांनी डोळे उघडून विचारलं, "च्या मिळंल का?"

मग सिस्टर फोनच्या वहीशी गेल्या. मला वाटतं, शेवटचा रकाना त्या पुनःपुन्हा वाचत होत्या.

"परत म्हणून दाखवलं व्हतंस?"

"हो."

"काय म्हणालास?"

मी ग्लुकोजची रिकामी बाटली उचलायला वळलो. त्यांनी पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. एवढंच.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. वही त्यांच्यासमोर उघडी होती. आवाज चढवून, त्या दिवशी मात्र मराठीत, ते म्हणाले, की मुलगा 'होल्ड' ऐकतो, 'होल्ड' लिहितो आणि इंजेक्शन देतो? होल्ड म्हणजे थांबवा, देऊ नका; 'द्या' असं याला कुणी सांगितलं? परीक्षा तीन महिन्यांवर होती. मला काढून टाकलं असतं तर मी घाटघरला परत जाऊन काय केलं असतं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. माझी नजर फरशीवर होती. फरशीवर आयोडीनचा एक डाग होता, त्याचा आकार मला अजून कागदावर काढून दाखवता येईल.

"मी सांगितलं," साळवे सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही?"

"हो सर. होल्ड म्हणजे चालू ठेवा, असं मीच वर्गात शिकवलं. माझी चूक."

डॉक्टरांनी वही फटकन मिटली. मग इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातला 'ड्रामा' हा शब्द मला कळला.

बाहेर आल्यावर त्या नळावर हात धूत होत्या. मी मागं जाऊन उभा राहिलो. मला म्हणायचं होतं, सिस्टर, तुम्ही असं काही शिकवलं नाही. त्यांनीच सुरुवात केली.

"होल्ड घेतला व्हता मी वर्गात. तू झोपला व्हतास. घोरत व्हतास चांगला. मीच पोरींना म्हणलं, आवाज करू नका गं, पेशंट दमलाय. हसलो समदे." त्यांनी पदराला हात पुसले. "तुला खाटेवर मी निजवलं, मारुती. बोलायची लाज वाटती म्हणून निजवलं. उभा करायला पायजे व्हता. मग चूक कुणाची?"

मी पुढं होऊन ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. "त्या रकान्यात मी खोटं लिहिलं," हे पाच शब्द तिथं, नळापाशी, कुणी ऐकत नसताना बोलता आले असते.

पुढच्या आठवड्यात गॅरेज रिकामं झालं. खाट भंगारात गेली, पडद्याची चादर धुवून वॉर्डात आली. इंग्रजी शिकवायला बाहेरून एक प्राध्यापक आले. ते गाइडमधले उतारे फळ्यावर लिहून द्यायचे. आम्ही उतरून घ्यायचो. सिस्टरांना ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी कुणाला इंग्रजीचा एक शब्द शिकवला नाही. दवाखान्यात त्यांचं नाव पडलं 'होल्डबाई'. वॉर्डबॉय ट्रे घेऊन जाताना मुद्दाम विचारायचे, "सिस्टर, होल्ड करू का?" सिस्टरही हसायच्या. शकू मात्र एकदा भडकली. "बाईंनी बरोबर शिकवलं होतं, माझ्या वहीत आहे!" ती वही घेऊन ऑफिसला निघालीही होती. सिस्टरांनी तिला हात धरून बसवलं. मी शेजारीच होतो. आणि हेही आता सांगून टाकतो: वॉर्डबॉयच्या त्या थट्टेवर एकदा मीही हसलो होतो. सिस्टरांनी ते पाहिलं होतं.

धोंडीबाबा बरे होऊन घरी गेले. पुढं कित्येक वर्षं सुगीला ते भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत यायचे आणि रांगेतल्या पेशंटांना ऐकवायचे, "ह्या बाईनं मला माघारी आणला, राव. नायतर गेलोच व्हतो." अख्ख्या दवाखान्यात सिस्टरांना चांगलं म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता, आणि खरं काय घडलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी पास झालो. पुण्यात नोकरी केली, मग ट्यूटर झालो. दुसरं काही येत नव्हतं म्हणून सिस्टरांनी शिकवलं तसंच शिकवायला लागलो. पडदा, मुका फोन, दातांत पेन्सिल. पहिल्याच तासाला 'होल्ड' घेतो. होल्ड म्हणजे थांबव, देऊ नको. मुली मला मागं 'होल्डसर' म्हणतात, कौतुकानं. तेच नाव. धोंडीबाबांची गोष्टही सांगतो, पण त्यात म्हणतो, "एक विद्यार्थी होता."

सिस्टर आता नाहीत. शकूचा फोन आला होता, "मारुती, साळवे सिस्टर ऑफ झाल्या रे." आणि मला क्षणभर वाटलं, ड्यूटी संपवून घरी गेल्या असतील.

त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना शेवटचं पाहिलं. ट्यूटरची ऑर्डर हातात पडली तेव्हा पेढे घेऊन पिंपरी पेंढारला गेलो. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली फळीवर पत्र्याचा डबा, आणि त्याच्याशेजारी तो काळा फोन, पुसून लख्ख केलेला. वायर खिळ्याला बांधलेली. भंगारवाल्याकडून मागून आणला म्हणाल्या. त्यांना ऐकायला कमी यायला लागलं होतं. ऑर्डर त्यांनी नाकाशी धरून, औषधाचा कागद वाचावा तशी, पूर्ण वाचली. "इंग्रजीचा तासबी तुझ्याकडंच?" मी मान हलवली. त्या उठल्या आणि चहाला साखर जास्त घातली.

नको म्हणत असताना रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. आळेफाट्याकडं जाणारी एसटी लांबून दिसायला लागली होती. मी म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी मी परत म्हटलंच नव्हतं. वहीत खोटं लिहिलं. तुमचा वर्ग माझ्यामुळं गेला."

सिस्टरांनी कानामागं पंजा धरला, थोड्या पुढं झुकल्या, आणि म्हणाल्या, "प्लीज से अगेन."

खरंच ऐकू आलं नव्हतं की पडद्यामागून विचारायच्या तसं विचारलं, मला आजही ठरवता येत नाही. तोंडावर हसू होतं. एसटी येऊन थांबली. कंडक्टर ओरडला, "चला पावणं, चढा." मी म्हणालो, "काही नाही, सिस्टर. येतो."

मागच्या काचेतून पाहिलं, तर त्या तशाच उभ्या होत्या. हात अजून कानापाशी.

साळवे सिस्टरांनी 'होल्ड' बरोबर शिकवला होता. मी झोपलो होतो, आणि रकान्यात 'हो' लिहिलं ते खोटं होतं. हे त्या दवाखान्यात जाऊन, अजून जे कुणी त्यांना होल्डबाई म्हणतात त्यांच्यासमोर, स्वतःचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.